भाईची भाषणं मी लिहायचो

भाई गेल्याची बातमी मला कामाची ऑर्डर म्हणून आली. सकाळी साडेसहाला पक्षाच्या कार्यालयातून शिंदेचा फोन. "सर, भाई गेले. पहाटे, ठाण्याला, माजिवड्याच्या हॉस्पिटलात. फ्लेक्सवाला थांबलाय, चार ओळी पाठवता का? आठच्या आत लागतील." मी बरं म्हणालो, चष्मा शोधला आणि सात मिनिटांत चार ओळी पाठवल्या. निष्ठा, त्याग, आधारवड, पोरके... सगळे शब्द हाताशीच असतात. या शहरातला कुठलाही पुढारी गेला की मी ते काढतो. ओळी पोचल्या, शिंदेचा अंगठा आला, आणि मग माझ्या डोक्यात शिरलं की भाई गेला. चाळीस वर्षांचा माझा मित्र, आणि मी आधी मजकूर लिहिला, मग रडलो. दुपारी कोपरला त्याच्या घरी जाताना चौकात फ्लेक्स लागलेला होता. मधोमध भाईचा फोटो, आणि भोवती, त्याच्या फोटोहून मोठे, त्याला खुर्चीवरून खाली खेचणारे सगळे हात जोडून उभे. उजवीकडून तिसरा मी होतो. कोणी ओळखीचं दिसायच्या आत मी तिथून पुढे सटकलो.

भाई म्हणजे विजय कोचरेकर. मोहने गावच्या कारखान्यात फिटर होता, युनियनमधून पक्षात आला. मी डोंबिवलीतल्या शाळेत मराठी शिकवायचो. त्याच्याकडे आवाज होता आणि माझ्याकडे शब्द, एवढ्या भांडवलावर आमची दोस्ती जमली. त्याचं प्रत्येक भाषण मी लिहायचो आणि तो त्यातलं निम्मं खोडायचा. "मन्या, एवढे अलंकार तुझ्या बायकोला घाल. मला तीन वाक्यं दे, झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत." त्या तीन वाक्यांवर त्यानं सभा मारून नेल्या. पक्ष सत्तेत आला तेव्हा तो शहराध्यक्ष होता आणि मी चिटणीस. अकरा वर्षं त्यानं ती खुर्ची सोडली नाही. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, मी ती आयुष्यभर पाळली आहे, पण आज नाही पाळणार. भाई हट्टी होता. कार्यकर्त्यांना चारचौघांत झापायचा. तिकिटं देताना कोणाचं ऐकायचा नाही, बिल्डरांच्या शिफारशी फाडून टाकायचा, आणि त्याच झपाट्यात चांगल्या माणसांच्या अर्जांनाही वाटाण्याच्या अक्षता लावायचा. त्याच्या सावलीत दुसरं रोप उगवलं नाही हे खरं आहे. आम्ही ते कुजबुजत बोलायचो. त्याच्या तोंडावर बोलायची एकाचीही छाती झाली नाही.

मग पत्र निघालं. शहरातल्या एकवीस पदाधिकाऱ्यांनी सह्या करून वरच्या नेत्यांना कळवायचं की आम्हाला हा अध्यक्ष नको. पुढाकार उपाध्यक्षाचा, म्हणजे आजच्या अध्यक्षांचा. पत्राचा मसुदा कोणी करायचा हा प्रश्नच नव्हता. "सर, तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कोणाला जमणार?" मी लिहिलं. 'आदरणीय भाईंच्या योगदानाविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे' अशी सुरुवात करून दुसऱ्या पानावर त्याचा गळा कापला. माझी सही मधोमध कुठेतरी होती. पक्षाचं हित वगैरे मी स्वतःला बरंच समजावलं. खरं कारण हे की आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता आणि उपाध्यक्षानं माझ्या बायकोला, सुनंदाला, तिकिटाचा शब्द दिला होता. भाईला वरून बोलावणं आलं, जाताना अध्यक्ष होता, येताना नव्हता. सुनंदाचं तिकीट दोनच दिवस आधी दुसऱ्या पक्षातून आलेल्या बाईला गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटणं घेऊन मी चिटणीस राहिलो.

भाई मला काही बोलला नाही. सह्या करणाऱ्यांत माझं नाव त्यानं वाचलं होतं, ते सगळ्या शहरानं वाचलं होतं. पण मसुदा माझा होता, हे त्याला ठाऊक नाही, या एका गोष्टीवर मी चौदा वर्षं टेकून होतो. सही काय, एकवीस जणांनी केली. गर्दीत एकाची भर. लिहिणारा मात्र एकच असतो. येणं-जाणं चालू राहिलं, सणाला करंज्यांचा डबा यायचा, आमच्याकडून चकल्या जायच्या. फक्त त्यानं मला पुन्हा कधी काही लिहायला सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्याच्या मुलीचं, मृणालचं लग्न ठरलं. पत्रिका हातात आली तर छापखान्यातल्या नमुना-वहीतला मजकूर, कोणीही कोणाच्याही लग्नाला छापावा असा. मी ती पत्रिका कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. सुनंदा म्हणाली, "कागद चांगला आहे हो." एकदा जाऊन सगळं सांगून टाकावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि त्यानंतर दर वर्षी वाटत राहिलं.

मृणाल लग्नानंतर ऑस्ट्रेलियाला गेली. बापाचं रक्त, तिथेही पक्षाची पत्रकं वाटण्यापासून सुरुवात करून ती एका राज्याच्या विधानसभेत निवडून आली, आणि तिचा पक्ष सत्तेत आला. मग भाईला नवीन जन्म मिळाला. इथल्या पक्ष कार्यालयाची पायरी चढणं त्यानं सोडलं होतं, पण उजाडायच्या सुमारास टॅबलेट घेऊन बसायचा आणि तिथलं सभागृह बघायचा. इंग्रजी निम्मं कळायचं, राजकारण पूर्ण कळायचं. "अरे, तिकडे मुख्यमंत्री असला तरी त्याचेच आमदार एका बैठकीत त्याला उतरवतात. सकाळी मुख्यमंत्री, दुपारी मागच्या बाकावर! आणि आधी काय लागतं माहितीये? सह्यांचं पत्र." असं म्हणून तो चहाचा घोट घ्यायचा आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. तिथली मुख्यमंत्री एक बाई होती. तिनेच मृणालला तिकीट दिलं, उपमंत्र्याच्या बरोबरीचं काम दिलं. मग लोकांची नाराजी वाढली, निवडणूक जवळ आली, आणि त्यांच्यात कुजबूज सुरू झाली. एक मंत्री तिच्याविरुद्ध उभा राहायला तयार होता. भाई मला कोपरच्या त्या दोन खोल्यांत बसवून सांगायचा, कोण बाईकडे, कोण मंत्र्याकडे, कोण दोघांनाही हो म्हणतोय. मृणाल एका आठवड्यात तीनदा फोन करून रडली होती.

गेल्या वर्षी एका रविवारी मी त्याच्याकडे असतानाच तिचा फोन आला. बाईविरुद्धचं सह्यांचं पत्र तिच्यापर्यंत पोचलं होतं. बाई राहिली तर पक्ष हरणार हे तिला पटलं होतं, पण सहीला हात उचलत नव्हता. भाईनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे सरकवला. "ह्याला विचार. ह्याला अनुभव आहे." शांतपणे म्हणाला, चिडून नाही. माझे कान तापले. ती म्हणाली, "काका, खरं सांगा ना. तुम्ही सही केलीत तेव्हा बाबांना आधी सांगितलेलंत?" मी म्हणालो, "अगं, असं कोणी सांगतं का?" आणि मग, गप्प बसवेना म्हणून की काय, मी तिला शहाणपण शिकवलं. सही करायचीच तर शेवटच्या पाचांत कर, पहिली नावं लोकांच्या लक्षात राहतात. बाईंशी शेवटपर्यंत नेहमीसारखी वाग. नंतर भेटायला जा, फुलं घेऊन जा. भाई म्हणाला, "ऐकलंस? हे सरांचे अनुभवाचे बोल आहेत," आणि चहा गरम करायला आत गेला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. मृणाल सही करायच्या आधी बाईच्या दालनात गेली होती. म्हणाली, मला तुम्ही उभं केलंत, पण मी उद्या तुमच्याविरुद्ध सही करणार आहे, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. बाई म्हणाली, इतक्या जणांनी सह्या केल्या, सांगायला आलेली तू एकटी. दुसऱ्या दिवशी बाई गेली, मंत्री मुख्यमंत्री झाला, आणि त्यानं मृणालला मंत्रिमंडळाच्या आसपासही फिरकू दिलं नाही. जी आधी सांगून येते तिच्यावर कोण विश्वास टाकणार? बाईचे लोक तिला फितूर म्हणतात ते वेगळंच. "मन्या, पोरीनं मंत्रिपद घालवलं रे!" भाईच्या आवाजात एवढा आनंद मी निवडणुकीच्या निकालालाही ऐकला नव्हता. कोपर नाक्यावर त्यानं पेढे वाटले. कशाचे म्हणून लोक विचारत होते, आणि तो सांगत होता, पोरगी मागच्या बाकावर बसली म्हणून. तो हे मला, मलाच, आधी का सांगतोय असं माझ्या मनात येऊन गेलं. मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.

शोकसभेत आजचे अध्यक्ष भाईंना गुरू म्हणाले. ते भाषणही मीच लिहिलं होतं. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पुरवणीत माझ्या नावानं एक लेख येऊ दे. जरा भावनिक." मी हो म्हणून टाकलं, सवयीनं. तो लेख त्यांना मिळाला नाही, हा त्याऐवजी आहे, आणि तो माझ्या नावाचा आहे. हे शौर्य वगैरे नाही. ज्याला वाचायला द्यायचा होता तो आता नाही, म्हणून लिहायला धीर झाला. बाराव्यानंतर मृणाल आमच्याकडे आली होती. सुनंदा आत पानं घेत होती. मृणाल हळूच म्हणाली, "काका, एक सांगू? रागावू नका. ते पत्र तुम्ही लिहिलंत हे बाबांना पहिल्यापासून माहीत होतं." मी काही म्हणायच्या आत ती पुढे म्हणाली, "सह्या झाल्या त्याच दुपारी कोणीतरी झेरॉक्स आणून दिलेली. पहिलं वाक्य वाचलं आणि म्हणाले, हे मन्याचं आहे. नितांत आदर दुसरं कोण लिहिणार? तुमच्याशी फोनवर बोलले ना मी, त्यानंतर मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, मी आहे तोवर त्याला बोलू नको. त्याला लाज वाटेल." मग तिनं विचारलं, "सह्या झाल्या त्या संध्याकाळी ते तुमच्याकडे आलेले, आठवतं?"

आठवतं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि भाईचे गुडघे कारखान्यातच गेलेले. असं असून सहाच्या सुमारास तो आला आणि पावणेआठपर्यंत बसला. एरवी दहा मिनिटं टिकायचा नाही. सुनंदानं थालीपीठं लावली, ती खाल्ली. मोहन्याच्या दिवसांचं बोलला, आमच्या पहिल्या सभेचं बोलला, जिला माईक नव्हता आणि माणसंही नव्हती. मध्ये मध्ये थांबायचा, माझ्याकडे बघायचा. "बाकी काय, मन्या?" मी म्हणायचो, चाललंय. थोड्या वेळानं परत, "बाकी काय?" मग म्हणाला, "अकरा वर्षं झाली रे. लोक कंटाळले असतील, नाही?" कबुली यापेक्षा सोपी करून कोणी कोणाला देऊ शकत नाही. आणि मी, दुपारीच सही करून आलेला मी, म्हणालो, "छे! तुझ्याशिवाय आहे कोण, भाई?" त्यानं मान हलवली, चपला घातल्या आणि गेला. त्याला कसलाच संशय आलेला नाही म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो. पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात भाई, कठड्याला धरून धापा टाकत. खालपर्यंत जाऊन तीन मजले परत चढून आला होता. "माझी छत्री राहिली का रे इथे?" मी आत जाऊन बघितलंही नाही. "डिसेंबरात कसली छत्री, भाई?" असं म्हणून मी हसलो. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग तोही हसला आणि एकेक पायरी उतरत गेला. त्याच्या पावलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत मी दार लावून घेतलं.