आप्पांचा टँकचा गेम

आप्पांनी नवाकोरा व्हिडिओ गेम डाव्या हातानं भिंतीवर फेकून मारला.

उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्यानं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. फोटोला हार घातला, पाहुणे जेवून गेले, आणि मला सारखी तीच दुपार आठवतेय. म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. मिल्ट्रीत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. आम्ही मूळचे वडूजकडचे, नंतर मलकापूरला आलो. इथं माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. आप्पांना ते कधीच पटलं नाही. "भरतीला पळायचं सोडून खेळणी उचकटत बसलाय," असं आल्यागेल्याला सांगायचे. तेपण माझ्यासमोर!

मग पॅरालिसिसचा झटका आला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली.

फिजिओच्या मॅडम घरी यायच्या. "हात वापरला तर येईल, नाहीतर असाच राहील. आणि हेच दिवस आहेत," असं बजावायच्या. तोंडाच्या व्यायामाला फुंकर मारा म्हणायच्या, हात जोडायच्या.

आमचे हवालदार भिंतीकडं तोंड करून पडलेले. ना फुंकर, ना बोट हलवणं. आई रडली-भेकली की कसेबसे दोन घास.

एक दिवस त्यांनी डाव्या हातानं माळ्याकडं बोट केलं. आई एकेक वस्तू काढून दाखवायला लागली. ट्रंक? मान हलवली, न्हाई. होल्डॉल? न्हाई.

टीव्ही गेम?

मान जोरात डोलली. व्हय!

मी लहान असताना सुट्टीवर येताना त्यांनी तो आणला होता. कॅसेटवाला. आम्ही दोघं टँक खेळायचो. पडद्यावर खाली मधोमध, विटांच्या आड एक गरुड असतो. तो उडाला की खेळ खलास. आप्पा त्या गरुडाला 'घर' म्हणायचे. एक नंबरचा रिमोट कायम त्यांचाच.

"तू घर राख रं. मी फुडं जातो."

सुट्टी संपल्यावर एसटीत चढतानाही हेच म्हणायचे.

तर गेम खाली काढला, पण त्याचा अडॅप्टर सापडेना. मी दुकानात होतो. आमचे दाजी, बहिणीचे मिस्टर, लय उत्साही माणूस. सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर बसतोय म्हणून बसवला.

धूर. जळका वास. आप्पांच्या डोळ्यांदेखत.

"दाजी, आवं त्याच्यात प्लस-मायनस उलटं असतंय!" घरी येऊन मी नको तेवढा ओरडलो. पण आप्पा परत भिंतीकडं वळले होते.

म्हणून घाबरून मी तो नवा गेम आणला. वायरलेस, आत शेकडो गेम. तोच भिंतीवर गेला.

मग काय, जुना घेऊन त्यांच्याच खोलीत बसलो. स्क्रू काढले. याची मेन चिप डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली गाडलेली असते. ती जळली असेल तर कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही. आणि गेम चालू झाला नाही तर हा माणूस हात हलवणार नाही, हेही मला कळत होतं.

रोज लोकांचे मोबाईल उघडतो, एकदा बघितलं की झालं. त्या दुपारी एकेक जोड तीन-तीनदा तपासला.

व्होल्टेज आवरणारा तीन पायांचा रेग्युलेटर काळाठिक्कर पडला होता. तो बदलला. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

लाल लाईट लागली!

टीव्हीवर मात्र नुसता करडा पडदा.

"गेलं का रं?" आई.

"थांब की गं जरा!"

चिप गेली का कॅसेटच खराब? कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासल्या, स्पिरिटनं पुसल्या. लावली. रेघोट्या. काढून परत लावली. परत करडा.

मागून आवाज आला. फुस्स.

वळून बघतो तर आप्पा माझ्याकडं तोंड करून. ओठांचा वाकडा चंबू केलेला.

कॅसेटमध्ये फुंकर मार, पूर्वी मारायचो तशी, म्हणत होते.

दुकानात मी गिऱ्हाइकांवर खेकसतो, फुंकू नका, थुंकीनं पिना गंजतात. त्या दिवशी कॅसेट आप्पांच्या ओठांपुढं धरली. "मारा आप्पा. जोरात."

अर्धी हवा बाजूनं गेली, लाळ गळली. परत मारली. मॅडमनी एवढ्या विनवण्या करूनही न मारलेली फुंकर.

पुसून लावली.

आणि टँकची ती ट्यून वाजली! आईनं तोंडाला पदर लावला.

फुंकरीनं काही होत नसतं, कॅसेट नीट बसली एवढंच. माहितीय मला. कमेंटमध्ये शिकवू नका.

एक नंबरचा रिमोट आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्याकडं सरकवला आणि दोन नंबरचा मांडीवर ओढून घेतला.

"आप्पा, आवं हा तुमचा..."

न्हाई. मान हलवली.

आयुष्यात पहिल्यांदा मी फुडं गेलो.

त्यांचा टँक घराला चिकटून उभा. डाव्या अंगठ्यानं ते तो वळवत होते, पण गोळीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. वरून एक शत्रू थेट घरावर आला. एक वीट उडाली. मग दुसरी. मी माझा टँक माघारी वळवला.

"फु... फु... फुडं!"

झटक्यानंतरचा पहिला शब्द. आप्पा माझ्यावर ओरडले होते.

आणि त्यांच्या टँकमधून गोळी सुटली.

शत्रू खलास. उजवा अंगठा बटणावर थरथरत होता. आई त्या अंगठ्याकडं बघून हमसून हमसून रडली. मीपण रडलो, त्यात लाज कसली.

मग रोज दुपारी खेळलो. हात पुरता आला नाही, पण चमचा धरायला लागले. पाहुणे आले की आधी गेमकडं बोट करायचे, मग माझ्याकडं. दुसरा झटका आला तो झोपेत. काही करायला मिळालंच नाही.

गेम अजून चालतोय. आज पाहुणे गेल्यावर लावला होता.

आप्पा, आता मागं वळून बघू नका. तुमी फुडं व्हा.

घर मी राखतो.

तुमचाच,
सच्या