गाडी पाण्यापर्यंत जाते का?

समुद्र कुठला निवडायचा यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला होता. राहुरीहून सगळेच समुद्र सारखे लांब, त्यामुळे वादाला भरपूर वाव. आमच्या ह्यांना काशीद हवं होतं, कारण तिथली वाळू पांढरी आहे म्हणे. लेकीला पाण्यावरच्या स्कूटरी हव्या होत्या. मी मात्र प्रत्येक जागेबद्दल एकच विचारत होते, गाडी पाण्यापर्यंत जाते का? कारण हा सगळा खटाटोप माझ्या सासूबाईंसाठी होता.

त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्यांनी मुळा धरण पाहिलं होतं, गोदावरी पाहिली होती, पण समुद्र फक्त टीव्हीत. एकदा गुडघ्यांना तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, “पाय पार जायच्या आत एकदा समुद्रात बुडवायचेत. बास, दुसरं काई न्हाई.” कधी काही न मागणारी बाई मागते तेव्हा घर हलतं. पण मुक्काम करायचा नाही, हीसुद्धा त्यांचीच अट. संध्याकाळची धार शेजारीण काढणार होती, सकाळी मात्र गाईला त्यांचाच हात हवा.

मोबाईलवर फोटो चाळून चाळून मी अलिबागच्या पुढचं एक लहानसं गाव शोधलं. फोटोत रस्त्याला लागून दगडी बंधारा होता आणि त्याच्या पायऱ्यांवर लाटा फुटत होत्या. गाडीचं दार उघडायचं की पाय पाण्यात! तो फोटो मी सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला आणि वाद मिटवला.

अंधारातच निघालो. पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. बंधारा होता, पायऱ्याही होत्या, समुद्र तेवढा नव्हता. लांबच लांब ओली वाळू आणि तिच्या पार टोकाला पाण्याची बारीक रेघ. भरती-ओहोटी मी शाळेत घोकली होती, लेकीकडूनही घोकून घेतली होती. पण आमच्या धरणाचं पाणी उतरायला अख्खा उन्हाळा लागतो. सकाळी गेलेलं पाणी दुपारी परत येतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“तरी मी काशीद म्हणत होतो,” हे म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं तर मला रडू येत होतं. एवढ्या लांब आणून आत्यांना नुसती वाळू दाखवून परत न्यायचं? ह्यांनी बाही सरसावून त्यांना उचलून न्यायची तयारी दाखवली.

“मी काय कांद्याची गोनी हाय का? गप ऱ्हा,” आत्या म्हणाल्या. मग त्यांनी शेजारच्या शहाळेवाल्याला विचारलं, “आज पानी सोडलं न्हाई व्हय?”

तो हसला. “येईल आजी, दुपारनंतर. खालच्या पायरीला लागतं.”

“मंग झालं की. बसू.”

त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची दिली. आम्ही आत्यांना धरून पायऱ्या उतरवल्या आणि वाळूत बसवलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की वाट पाहणं हे आत्यांना नवं नव्हतंच. आमच्या शेताला पाटाचं पाणी पाळीने मिळतं. आपली पाळी आली की बांध फोडून पाणी वाफ्यात घ्यायचं, वेळ संपली की मातीने बुजवून पुढच्या शेताला जाऊ द्यायचं. आत्यांनी जन्मभर तेच केलं. त्यांचे गुडघे त्याच चिखलात गेले.

भाकरी-ठेचा तिथेच खाल्ला. लेक स्कूटरी विसरून आजीच्या पायाशी बसली आणि कधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकत राहिली. पाणी अजून बरंच लांब होतं, तरी आत्यांनी चपला काढून पायरीवर ठेवल्या. शेतातही पाणी यायच्या आधी त्या अशाच अनवाणी होतात. मग नारळाच्या झावळीचा दांडा घेऊन, खुर्चीतूनच वाकून, त्यांनी आपल्या पायांपासून समुद्राच्या दिशेने वाळूत एक सरी ओढली. पुढची लेकीने लांबवली.

पाणी आलं ते त्याच सरीतून. आधी फेसाची जीभ, मग पुढची लाट, आणि आत्यांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत बुडाले. त्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. “आलं गं बाई,” म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मी ह्यांचा हात घट्ट धरला. शहाळेवाल्याचे, ह्यांचे, त्या ओहोटीचेसुद्धा आभार मानावेसे वाटले. समुद्र दारातच उभा मिळाला असता तर पाय बुडवून आम्ही लगेच जेवायला पळालो असतो.

निघताना लेक सवयीने म्हणाली, “आजी, सरी बुजवू?” शेतात आजीने तिला तेवढं शिकवलंय.

आत्यांनी मागे वळून पाहिलं. “ऱ्हाऊ दे उघडी,” त्या म्हणाल्या. “हितं कुनाची पाळी न्हाई.”