पाठ फिरलीय त्याची

“पाठ फिरलीय त्याची, सायेब.” गेटवरच्या केबिनमधून मामा असं म्हणाले, की ते कुणाकडे बघतायत हे मी वळून बघायचो.

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात ते वॉचमन होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. वय पंचेचाळीस, गाव कळस. घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. वयाची चाळिशी उलटल्यावर गडी बाहेरून बी.ए. झाला होता. मी ऑफिसात हजेरी लावणारा साधा क्लार्क, तरी मला ‘सायेब’ म्हणायचे आणि मलाही ते आवडायचं.

त्यांचं एक शास्त्र होतं. आजारी पडणारी मेंढी आधी दोन दिवस कळपाकडे पाठ करून उभी राहते. खाते, पितेही, पण तोंड दुसरीकडे. माणसाचंही तसंच, असं ते म्हणायचे. चहाच्या सुट्टीत कोण कुठं तोंड करून उभा आहे, ते बघत बसायचे. तुमच्या कामाच्या ठिकाणीही असा कुणी बघणारा असेल, नीट आठवा.

एकदा पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या एका कामगाराबद्दल ते सुपरवायझरला म्हणाले, “त्याला चार दिस मशिनीवर घेऊ नगा. पाठ फिरलीय.”

सुपरवायझर हसला. “मामा, तुम्ही सायकॉलॉजी शिकलाय का?”

तिसऱ्या दिवशी त्या कामगाराची दोन बोटं गेली.

त्या संध्याकाळी मामा माझ्या टेबलाशी आले. “सायेब, ती सायकॉलॉजी कुठं शिकवत्यात? शिकलेल्याचं तरी ऐकत्याल.”

बारामतीच्या एका कॉलेजात एम.ए. मानसशास्त्राचे प्रवेश चालू होते. अर्ज मीच भरायला घेतला. ‘हा विषय का निवडला?’ असा रकाना आला. मामांनी सांगितलं, “लिवा. आमची मेंढरं व्हती. आजारी मेंढी पाठ करून उभी ऱ्हाती. मला माणसात ती दिसती, पण माझं कुणी ऐकत न्हाय. म्हणून.”

मी टाईप केलं आणि खोडलं. मेंढरं काय लिहायची अर्जात! त्याऐवजी लिहिलं, ‘मानवी वर्तनाच्या शास्त्रीय अभ्यासाची मला मनापासून आवड आहे.’

मामांनी ओळीवरून बोट फिरवलं. “झ्याक हाय. पर ह्यात मी कुठाय?”

“असंच लिहायचं असतं, मामा.”

मुलाखतीला मीच त्यांना गाडीवर नेलं. पांढरा शर्ट, त्याखाली ड्युटीचीच पँट, कडक इस्त्री. दहा मिनिटांत बाहेर आले.

“त्यांनी कागदावरचंच इचारलं, शास्त्रीय म्हंजी काय. ते तुमचं व्हतं. मला काय सांगता येनार?”

“मग मेंढीचं सांगायचं होतं की!”

“तुमीच खोडलं व्हतं न्हवं? म्हणलं, ह्येबी हसत्याल.”

यादी त्याच संध्याकाळी लागली, तीत त्यांचं नाव आलं नाही. परतीच्या वाटेवर मीच बरंच बोलत राहिलो. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

त्यानंतर मामांनी सांगणंच सोडलं. बघायचे मात्र तसंच. कुणावर नजर थांबायची, ओठ हलायचे, आणि ते रजिस्टरमध्ये मान घालायचे. आम्ही सगळे त्यांच्यासमोरून ये-जा करत राहिलो.

एकदा चहाच्या सुट्टीत मी गेटपाशी उभा होतो. वळलो तर मामा माझ्याकडेच बघत होते. कधीपासून, कोण जाणे.

“काय मामा?”

“काय न्हाय, सायेब.”

“सांगा की.”

त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. “मी काय शास्त्र शिकलोय व्हय?”

पुढच्या महिन्यात गेटवरचं कंत्राट बदललं आणि मामा कळसला गेले. मी त्यांना एकदा फोन केला. माझी, घरच्यांची, सगळ्यांची विचारपूस केली त्यांनी. पण ‘त्या दिवशी काय दिसलं होतं?’ हे विचारायची माझी छाती झाली नाही. मला भीती वाटते.

आता चहा घेताना मी भिंतीला टेकून, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहतो. लोकांच्या गप्पांत हसतोही. अर्धा कप संपला की ध्यानात येतं, गप्पा मागून ऐकू येतायत आणि माझ्यासमोर कंपाउंडपलीकडचा ऊस आहे.