पौर्णिमेची ओहोटी

अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, तेही तुटक. त्यांची आयुष्यभराची नोकरी कोसबाडला, भूगोलाचे मास्तर. आजारपणानंतर त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं, रविवारी समुद्र दाखव. मी कबूल केलं. आमचं घर डहाणूत, किनारा पाच मिनिटांवर. पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरच्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या शेजाऱ्याला बोलवायचं आणि चाकांच्या खुर्चीसकट बाबांना दोघांनी उतरवायचं, मग चढवायचं. आठवडाभर तलासरीच्या कचेरीत लोकांचे दाखले, सह्या, वाद. रविवारी हे. मला नको नको व्हायचं. आजवर हे कुणाला बोललो नाही.

मग मला पळवाट सापडली. चार वाजले की म्हणायचो, बाबा, आज ओहोटी आहे, नुसता चिखल दिसेल. ते मान हलवायचे. एकदा खपलं, मग दर रविवारी तेच. पाच-सहा महिने.

एका रविवारी बायकोने कणीक मळता मळता विचारलं, "समुद्र काय तुमच्या सुट्टीलाच आटतो?" बाबा समोरच होते. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला उधाण असतं, एवढं मला माहीत. म्हटलं, आज एकदाच भरपूर पाणी दाखवू आणि महिनाभर सुटू.

जिन्यात खुर्ची दोनदा कठड्यावर आदळली. शेजारी म्हणाला, भाऊ, उतरवतोय की आपटतोय?

किनाऱ्यावर गेलो तर पाणीच नाही. पौर्णिमेचं उधाण भर दुपारी येऊन गेलेलं. साडेपाचला समुद्र दूर एक रेघ होऊन पडलेला. समुद्राकाठी राहून मला भरतीची वेळ ठाऊक नव्हती. संतापून मी खुर्ची ओल्या, टणक वाळूवर ढकलत नेली, जणू चूक खुर्चीचीच.

बाबांनी डावा हात वर केला. थांब.

चाकांपुढे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली. मधल्या बिळातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर येई, वाळू तोंडाला लावी, गोळी करून मागे टाकी. असे शेकडो. आम्ही हललो की सगळे गडप. स्थिर राहिलो की एकेक बाहेर. बाबा अर्ध्या तोंडाने हसत होते. मीही उकिडवा बसलो, आणि गुडघ्यांना रग लागेपर्यंत मला कचेरी, जिना, काही आठवलं नाही. पाणी असतं तर खुर्ची इथवर आलीच नसती.

तिथेच बोलून टाकलं. "बाबा, मी खोटं सांगायचो. कितीदा तरी भरती असायची."

"ठाऊक आहे," जड जिभेने ते म्हणाले. "भूगोल... शिकवलाय."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं. त्यांची नजर खेकड्यांवरच. "जिना... तुला जड."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

परत चढताना दुसऱ्या मजल्यावर माझी चिडचिड पुन्हा सुरू झाली, हेही सांगायला हवं. खेकडे बघून माणूस बदलत नाही. शेजाऱ्याने कंबर धरून विचारलं, पुढच्या रविवारीपण काय?

बाबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. भिंतीकडे बघत राहिले.

"हो," मी म्हणालो. "पाचला वर ये."