दाब-सोड

आत्याबद्दल गल्लीत वदंता आहे, की तिने ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, मनगट मोडलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर टायरच्या आवाजासकट सांगतो, "किर्रर्र... धाडकन! आणि म्हणे ड्रायव्हिंग स्कूल चालवते!"

साफ खोटं. आत्या त्या गाडीत नव्हतीच. ती तेव्हा एका घामाघूम विद्यार्थ्याला सांगत होती, "अहो, स्टिअरिंग आहे ते, चोराची मानगूट नाही." गाडीत काका एकटेच होते; मागे शिडी आणि रंगाचे डबे. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ओल्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला आणि काकांनी आत्याने शिकवलं होतं अगदी तेच केलं.

गोची तिथेच आहे.

लग्न झाल्यावर आत्याने त्यांना जुन्या गाडीवर शिकवलं होतं: निसरड्यावर ब्रेक दाबून ठेवला तर चाकं जाम होतात, गाडी घसरत सुटते, स्टिअरिंग कुणाचं ऐकत नाही. म्हणून "दाब-सोड, दाब-सोड". काका ते पाढ्यासारखं घोकायचे.

मग नवी गाडी आली, एबीएसवाली. चाक जाम होतंय असं दिसलं की ही ब्रेकमधली यंत्रणाच त्याचा ब्रेक सोडते, पुन्हा धरते, एका सेकंदात कितीतरी वेळा. आपण पेडल फक्त जोरात दाबून धरायचं आणि जिकडे वाचायचं तिकडे वळायचं. पायाखाली पेडल थरथरतं, घरघरतं. ते बिघडलेलं नसतं, कामात असतं. आत्या हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हात नाचवून सांगायची, "दाबा! धरा! त्याला थरथरू दे, तुम्ही थरथरू नका!" घरच्या विद्यार्थ्याला तेवढं सांगायचं राहिलं. ट्रकच्या मागे पेडल थरथरलं, काकांना वाटलं काहीतरी तुटलं, आणि त्यांनी पाय उचलला.

"दिव्याखाली अंधार," आत्या म्हणते. विषय भाजी निवडण्याचा असला तरी तिथेच येऊन थांबते. मनगट जुळलं, पण काकांच्या हातून अक्षर आता सरळ उतरत नाही. आता ते भिंती रंगवायची कामं घेतात, तीही लांबलांबची. गाडीशिवाय जमत नाही आणि किल्ली आत्याच्या पर्समध्ये.

"मास्तरीणबाई, द्या की किल्ली. समजलंय मला, दाबून धरायचं. शिवाय ते दुसरंही आहे ना हिच्यात? गाडी आडवी व्हायला लागली की नेमका एखाद्या चाकाला ब्रेक लावून सरळ करणारं?"

"आहे. पण टायरला पकड असेल तेवढीच ते वापरणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भरधाव वळलात तर तेही हात टेकतं. आणि खडीवर तर एबीएस असूनही गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते."

"मग हळू चालवतो."

"चालवाल हो. पण त्या पायाला कोण समजावणार?"

मला काकांची दया आली. म्हटलं, "आत्या, लाव पैज. काका धरून ठेवतील."

"उचलतील."

ठरलं. धरून ठेवलं तर किल्ली काकांची. आणि आमच्या दोघींत जी हरेल तिने गाडी धुवायची.

रविवारी गोदामामागच्या पटांगणात आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं आणि पुढे रिकामे खोके रचले. काका स्टिअरिंगवर, आत्या शेजारी, मी मागे. गाडीने वेग घेतला.

"दाबा!"

पेडल घरघरलं.

"धरा... धरा, अहो, धरा ना!" पैज उलटी लावलेली बाई घसा फोडून ओरडत होती.

काकांचा पाय वर आला. खाली गेला. पुन्हा वर. खोके चहूकडे उडाले.

गाडी थांबल्यावर काकांनी विचारलं, "उचलला का मी?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. आत्याने मान डोलावली.

काकांनी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "बघा मास्तरीणबाई," ते कौतुकानेच म्हणाले, "तुम्ही शिकवलेलं किती पक्कं बसलंय."

आत्या खाली उतरली आणि चुरगळलेले खोके गोळा करत बसली. एकही कामाचा उरला नव्हता, तरी एकेक सरळ करत होती. मी पैज हरले होते, म्हणून बादली भरली, फडकं बुडवलं. ती उठून आली आणि तिने माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं.

"दे इकडे," म्हणाली. "मी धुते."