फाल्ट कोनाचा?

"बाबू, चहात फाल्ट हाये."

पहिला घोट घेऊन, जीभ टाळूला लावून आमचा लाइनमन हे जाहीर करायचा. म्हणजे साखर कमी. भाजीत मीठ नसलं तरी फाल्ट, जावई बोलेनासा झाला तरी फाल्ट. बायको चिडली की म्हणायचा, "आज घरची लाइन बंद हाये, मी इथीच जेवतो."

पन्नासच्या दशकात चांद्याच्या जंगलात टेलिफोन म्हणजे सागाच्या खांबांवरून गेलेली एकच तार. तिच्यातल्या बिघाडाला साहेबलोक फॉल्ट म्हणत. तो शब्द याने उचलला आणि त्याच्याकडून सगळ्या वस्तीने. बाया कंपाउंडरला पोटातला फाल्ट दाखवू लागल्या. तुमच्याही गावात असा एखादा शब्द कोणीतरी आणून सोडलेला असेल, आठवून पाहा.

मी तिथल्या जंगल खात्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. सामान, माणसं, कामं नेमून देणं माझ्याकडे. लाइनमन दोन होते. नाल्याच्या अलीकडची तार एकाची, पलीकडची याची. तार बंद पडली की मी विचारायचो, "फाल्ट कोणाचा?"

"माझा, बाबू!" शिडी उचलत हा म्हणायचा. जंगलाचा तेवढा तुकडा जणू त्याला आंदण मिळालेला. खांबाला कान लावला की तार चालू की बंद, हे त्याला कळायचं.

एका उन्हाळ्यात नाल्यापलीकडे वणवा लागला. जळतं झाड तारेवर पडलं, तार तुटली. निरोप वेळेवर पोचला नाही आणि लाकडांचा डेपो जळून गेला. नागपूरहून चौकशीला साहेब आले. लाइनमन धुतलेला सदरा घालून उभा राहिला.

"फॉल्ट कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा, साहेब! नाल्यापल्याडचा सारा फाल्ट माझाच."

साहेबांची लेखणी थांबली. "पुन्हा सांगा."

त्याने आणखी मोठ्याने सांगितलं.

मी पुढे झालो. "साहेब, तो हद्द सांगतोय. आमच्याकडे फाल्ट म्हणजे नुसता बिघाड..."

"तुम्हाला विचारलेलं नाही."

त्याला नोकरीवरून काढल्याचा हुकूम आला. मी अर्ज लिहून दिला, त्याने अंगठा उठवला. उत्तर एका वाक्याचं होतं: कबुली स्वतःची आहे.

त्याच्या ओसरीवर बसून मी त्याला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. 

"म्हंजे तार तुटली ते बी फाल्ट, अन् मानूस चुकला ते बी फाल्ट?"

"हो."

"काऊन? साहेबलोकाइकडे शब्द कमी हायेत का?"

एरवी मी हसलो असतो. आतून बायको ओरडली, "आता तरी सोडा तो मेला शब्द!"

त्याने सोडला. बोलणंच कमी केलं.

क्वार्टर खाली करून ती दोघं ब्रह्मपुरीकडे, त्याच्या भावाच्या गावी निघाली. बैलगाडीसोबत मी नाल्यापर्यंत चालत गेलो. तिथे तो उतरला, पलीकडच्या पहिल्या खांबापाशी गेला आणि लाकडाला कान लावून उभा राहिला. बराच वेळ.

"काय ऐकून राह्यले?" बायकोने विचारलं.

तो गाडीत चढला. माझ्याकडे एकदा पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मग गाडीवानाला म्हणाला, "हाक, भाऊ."

ऑफिसात परत येऊन मी चांद्याला फोन लावला. लाइन बंद होती.