मिस रूबींच्या वडिलांचा बँजो

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावं लागतं. मी गेली काही वर्षं दर शनिवारी प्लेनोच्या घरून ड्राइव्ह करून डॅलसमधल्या एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये जातो. तिथे काही रिटायर्ड मंडळी जुनं जॅझ आणि ब्लूज वाजवतात, आणि त्यांच्यात बसून मी बँजो शिकतो. आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे. हा गोल, कातडं ताणून बसवलेला, तारांचा. वाजवणं अजून यथातथाच आहे, किस्से मात्र पोतंभर साठलेत. बायको म्हणते, "तू तिथे शिकायला जातोस की गप्पा मारायला?" दोन्हीसाठी, यार!

या मंडळींच्या मध्यभागी बसतात मिस रूबी. वय सत्त्याऐंशी. जॅझ अगदी नवं होतं त्या काळात त्यांचे वडील एझ्रा बँजो वाजवायचे. तंबूतले खेळ, डान्स हॉल, हॉटेलं, सगळीकडे वाजवलं, आणि एका ब्लूज गायिकेच्या साथीला एक रेकॉर्डही केली. पण मिस रूबींनी वडिलांचा बँजो कधी ऐकलाच नाही. त्यांच्या जन्माआधीच तो बंद झाला होता. ती रेकॉर्ड एकदा कानावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा. ती कुणाकडेच सापडत नव्हती, आणि त्यांचं वय बघता आम्हा सगळ्यांनाच त्याची धास्ती वाटायची.

* * *

माझा पहिला दिवस. लहानपणी सांगलीत तबला शिकलेलो, त्यामुळे तालातलं आपल्याला कळतं असा ठाम समज. गाणं सुरू झालं आणि मी समेवर दणदणीत टाळी दिली. बाकी सगळ्यांच्या टाळ्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर! मला वाटलं हेच लोक चुकतायत, म्हणून मी आणखी जोरात दिली.

मिस रूबींनी हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "हनी, या हॉलमध्ये एकटाच माणूस बरोबर आणि बाकी सगळे चूक, असं फक्त प्रीचरच्या बाबतीत होतं. तू प्रीचर आहेस का?"

त्यानंतर बरेच शनिवार मी हात मांडीखाली दाबून बसायचो.

* * *

एझ्रांचे किस्से मिस रूबींना त्यांच्या आईकडून मिळालेले. दमट हवेत बँजोचं कातडं सैल पडतं. आपल्याकडे हलगी शेकतात ना, तसं एझ्रा वाजवायच्या आधी ते शेकून घ्यायचे. एकदा धो धो पावसात एका डान्स हॉलमध्ये कार्यक्रम होता. लोक खोळंबलेले, बँड तयार, पण बँजोचा पत्ता नाही. मॅनेजर धावत स्वयंपाकघरात गेला, तर भट्टीच्या एका बाजूला कोंबडी भाजत होती आणि दुसऱ्या बाजूला बँजो.

"किती वेळ लागेल?" मॅनेजर ओरडला.

आचाऱ्यानं मानही वळवली नाही. "कोंबडी आधी होईल!"

* * *

हा पुढचा मिस रूबी हसून सांगतात. मला तो ऐकताना हसू येत नाही.

एका मोठ्या हॉटेलात एझ्रांचा बँड वाजवायचा. ऐकणारे सगळे गोरे. वाजवणारे काळे, त्यामुळे त्यांची ये-जा मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं. एका रात्री एक बडा पाहुणा एझ्रांच्या वाजवण्यावर बेहद्द खूश झाला. म्हणाला, "माग काय हवं ते!"

एझ्रांनी बँजो पेटीत ठेवला, पेटी उचलली आणि म्हणाले, "साहेब, पुढच्या दारानं घरी जायचंय."

पाहुण्यानं शब्द पाळला, स्वतः सोबत चालत गेला. त्या हॉटेलनं एझ्रांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

* * *

मग गिटारचे दिवस आले. बँडमास्तर म्हणाला, बँजो जुना झाला, गिटार घे. एझ्रांनी नकार दिला आणि रेल्वेच्या यार्डात माल चढवायला लागले. बँजोची पेटी पलंगाखाली गेली. छोटी रूबी मागे लागायची, "पापा, वाजवा ना!" ते म्हणायचे, "कातडं फाटलंय, बाळा."

हे उत्तर त्यांनी जन्मभर दिलं. ते गेल्यावर मिस रूबींनी पेटी उघडली. कातडं धड होतं, कुठे साधी चीरही नव्हती.

हे सांगितल्यावर त्या दर वेळी थोडा वेळ मांडीवरच्या बँजोच्या तारा जुळवत बसतात. आम्हीही आपापल्या तारा जुळवतो.

* * *

आमचा कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रम्पेट, वाजवणारा वॉल्टर पूर्वी पोस्टमन होता. त्या रेकॉर्डच्या शोधात त्यानं टेक्सासमधलं एकही जुन्या सामानाचं दुकान सोडलं नाही. एकदा तो विजयी वीरासारखा हॉलमध्ये शिरला. पाकिटावर गायिकेचं नाव बरोबर! आम्ही श्वास रोखून बसलो. सुई टेकली आणि कुणीतरी दारूच्या दुष्परिणामांवर प्रवचन सुरू केलं. आत भलतीच तबकडी होती!

वॉल्टरचा चेहरा पाहवेना. मिस रूबींनी मात्र ते प्रवचन शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हे पापा नव्हेत. पापा आयुष्यात एवढं बोलले नाहीत!"

* * *

आणि मग या वसंतात वॉल्टरला खरी रेकॉर्ड सापडली. या वेळी तो गाजावाजा न करता आला. आधी घरी एकट्यानं लावून खात्री करून घेतली होती. माझी बायकोही आली होती. ती मिस रूबींचा हात धरून बसली. "मावशी, रेडी?" मिस रूबींनी मान हलवली.

आधी नुसती खरखर. मग गायिकेचा आवाज, आणि त्याच्या मागून बँजो. स्वच्छ, खणखणीत, जराही घाई नाही. मिस रूबींनी डोळे मिटले नाहीत. कुणी दारातून आत येत असावं तशा त्या ग्रामोफोनच्या भोंग्याकडे बघत राहिल्या.

गाणं निम्म्यावर आलं आणि त्यांनी हात वर केला. "थांबव."

वॉल्टरनं घाबरून सुई उचलली. "मिस रूबी, बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे मी. अजून किती आहे?"

"निम्मं आहे."

"ते शिल्लक राहू दे."

वॉल्टर गोंधळला. "मग उरलेलं पुढच्या शनिवारी लावू?"

"पुढच्या शनिवारी पहिल्यापासून लाव," मिस रूबी म्हणाल्या. "आणि इथंच थांबव."